बाळंतिणीच्या खोलीचं साणं

म्या रशीद. गावात मला रशीदमामू म्हणतात. आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर छप्पर घातलं, आन माझं सोताचं घर आजबी गळतंय. बायकू म्हणती, गिऱ्हाईक समजून एकदा आपल्याबी घरी या.

आमच्या शाळंतले मास्तर म्हणले, मामू, दिवाळी अंकाला तुमचं कायतरी पायजे. तुमी फाट्यावरल्या हाटेलात सांगता तसं सांगा, म्या उतरून घेतो. मला कुठं लिवता येतंय. शाळंत म्या दोनच दिवस गेलो. पयल्या दिवशी आढ्याकडं बगत बसलो म्हणून गुरुजींनी कान धरला. दुसऱ्या दिवशी, गुरुजी, आढ्याला वाळवी लागलीया, असं सांगितलं तर हाकलून दिलं. वाळवी खरीच होती. पर तवापासून खरं बोलायची सवय जरा कमी झाली.

मास्तरांना हसायचं पायजे हाय. ते देतो. पर त्याच्या मागनं एक दुसरी गोष्ट हाय. ती सांगताना म्या मधीच इनोद केला तर तेवढा उतरू नका, असं त्यांना आदीच सांगून ठिवलंय.

आमी मूळचे माळवदवाले. अब्बा, अब्बांचे अब्बा, समदे तेच करायचे. माळवद म्हंजे मातीचं सपाट छप्पर. आताच्या पोरांनी बगितलं नसंल. भितीवर तुळया, तुळयांवर बारीक लाकडं, त्यावर तरवडाचा नायतर लिंबाचा पाला, त्यावर चिखल, आन समद्यांच्या वर हातभर पांढरी माती. ही माती पाणी खाली येऊ देत न्हाय. दरसाल मिरगाच्या आदी वर नवी पांढरी पसरायची, की झालं. उनाळ्यात आत गार, आन थंडीत अशी ऊब की चूल इझली तरी भिती गरम. दिवसा खाल्लेलं ऊन माती बसून बसून पचवती आन रातभर हळूहळू सोडती.

आन माळवदाला वर एक भोक ठिवायचं. त्याला साणं म्हणतात. त्यातनं उजेड येतो, चुलीचा धूर जातो. पाऊस आला की वर चढून फरशी झाकायची. अब्बांनी मला पयल्यांदा शिकवलं ते हेच. तुळई वाकडी बसली तर चालंल, म्हणायचे, पर साणं इसरलास तर ते घर न्हाय, हंडा हाय, आन आतलं माणूस शिजतंय.

मग भूकंप झाला. त्या दिवसानंतर आमच्या लोहाऱ्याच्या भागात मातीखाली निजायला कोण धजंना, आन ते बरूबरच होतं. पडलेल्या माळवदांत काही आमच्या हातची होती. त्याबद्दल मला इनोद करता येत न्हाय, म्हणून म्या बोलतच न्हाय.

मग आले पत्रे. आमीबी पत्रेवाले झालो. काम सोपं. लोखंडी पाइप, वर पत्रा, हूक, नट, नटाखाली डांबरी वायसर. दोन दिवसांत घर उभं. पर पत्रा लई बेइमान. दिस बुडला की घटकाभरात गार. त्यात पत्रा असतो लाटा-लाटांचा आन भीत सपाट, म्हणून भितीच्या डोक्यावर लाटं-लाटंला फट ऱ्हाती. पौषात त्या फटीतनं वारं असं येतं की सकाळी उठल्यावर नाक जागेवर हाय का ते चाचपून बगावं लागतं.

लोक म्हणाय लागले, मामू, माळवदाची ऊब दे, पर माती नको. म्या कुणाला न्हाय म्हणायचो न्हाय. म्हणून मग माझा नवा धंदा सुरू झाला, पत्र्याच्या घरात ऊब आणायचा. फटीत इटंचे तुकडे आन सिमिट भरायचं. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्यांचं दुसरं छत बांधायचं, आन दोघांच्या मधल्या जागंत कायतरी कोंबायचं. काय कोंबायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. म्या लोकांच्याच घरात शिकलो.

पयला प्रयोग सोताच्या घरी. ढोकीकडं कारखान्याचा ऊस लई, पाचट पायजे तेवढं. ट्रॅक्टर भरून आणलं, गोण्यांत दाबलं आन गोण्या छतात घातल्या. ऊब झकास आली. आट दिवसांनी उंदरांनाबी ते कळालं. रोज वरून वरात जायची. मग उंदरांमागं मांजर आली, मांजरीला पिल्लं झाली, आन एक दिवस तट्टी मोडून समदा परिवार माझ्या ताटात. बायकू आमची दखनीत भांडती. म्हणली, “तुमे घर गरम करे, कि चुव्यां का मंगल कार्यालय खोले?”

तवापासून पाचट बंद, थर्माकोल सुरू. लोहाऱ्याच्या एका हाजीसाबांनी मला बोलवलं. लई भला माणूस, थंडीनं गुडगं धरलेलं. बाजारात नवा थर्माकोल मिळंना, म्हणून म्या मंडप-डेकोरेशनवाल्याकडनं त्याचा पडलेला माल आणला आन तट्टी न घालताच पत्र्याखाली चिटकवला. रंगवलेली बाजू वर करायची ती गडबडीत खाली झाली. संध्याकाळी हाजीसाब बाजंवर आडवे झाले आन वर बगितलं, तर सोनेरी पिसारा फुलवलेला मोर. दुसऱ्या दिवशी मला बोलवून शांतपणानं इचारलं, “रशीद, ह्यो नाचतो कवा?”

असं आमचं काम. लोक शिव्या द्यायचे, मग हसायचे, मग परत बोलवायचे. माझ्या फजितीचं सांगाय लागलो की हाटेलात चहा फुकट मिळायचा. म्या बी फजिती वाढवून सांगायचो. हे म्या का सांगतोय, ते फुडं कळंल.

आता कोंडाबाईचं.

कोंडाबाई आमच्या गावातली न्हाऊ घालणारी बाई. बाळंतपण दवाखान्यातच झालं तरी घरी आल्यावर दीड महिना लेकराला आन आईला तेल लावून न्हाऊ घालायचं, बाजंखाली शेगडी ठिवून शेक द्यायचा, हे तिचं काम. निम्मं गाव तिच्या मांडीवरनं उठून गेलेलं. माझी दोन्ही लेकरंबी तिनंच न्हाऊ घातली. रस्त्यानं चालली की बाप्ये माणसंसुदा बिडी लपवायची, कारण कुणाचं नागडं ढुंगण कसं होतं ते तिला म्हाईत.

आमच्या गावचे राजाभाऊ एस.टी.त मेकॅनिक. त्यांची लेक अश्विनी बाळंतपणाला म्हायेरी आली. पोरगी झाली, पर दिवस भरायच्या आदीच झाली. लई बारीक. काचंच्या पेटीत ठिवून मग घरी सोडली. डॉक्टरीणबाई म्हणल्या, हिला ऊब पायजे, गारवा लागला तर आमच्या हातात काय न्हाय. पौष महिना, आन राजाभाऊंचं घर पत्र्याचं. त्यांनी मला बोलवलं. लई गरीब तोंड करून म्हणले, मामू, ह्या टायमाला चेष्टा नको, खोली नीट करून दे.

म्या चेष्टा केली न्हाय. आयुष्यात एवढं मन लावून काम केलं नसंल. फटी भरल्या, तट्टी बांधली, आत गोणपाट आन कोरा थर्माकोल. मोर न्हाय. खिडकीला दुहेरी प्लास्टिक. कोंडाबाई बाजंच्या कडंला बसून लेकराच्या टाळूवर तेल जिरवत माझं काम बगत होती. भिताडाच्या वरच्या कोपऱ्यात शेवटची फट ऱ्हायली, तवा ती म्हणली, “रशीद, ती ठिव. हातभर साणं ऱ्हाऊ दे. म्या खाली इस्तू ठिवणार हाय.”

म्या ठिवलं. अब्बांचं बोलणं मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पर दुसऱ्या दिवशी सकाळी सामान न्यायला गेलो, तवा कोंडाबाई न्हाऊ घालून गेलेली. अश्विनीची आई म्हणली, मामू, खोली लई झाक झाली, निस्तं त्या कोपऱ्यातनं वारं येतंय. म्या हात लावून बगितलं. येत होतं. आन माझ्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. मला वाटलं, रशीदनं केलेली खोली आन त्यातनं वारं? आजपर्यंत समद्या कामात कायतरी फजिती झाली, हे एक काम तरी असं व्हावं की कुणाला बोट ठिवाय जागा नसावी. बादलीत थोडं सिमिट उरलं होतं. ते भोक म्या बुजवलं, थापीनं सारखं केलं आन निघून आलो. अश्विनीची आई तवा सैपाकघरात होती. कुणाला सांगितलं न्हाय. सांगण्यासारखं काय केलं असं वाटलंच न्हाय.

दोन दिवस गाव माझं कौतुक करत होतं.

तिसऱ्या दिवशी गारठा वाढला. कोंडाबाईनं न्हाऊ घातलं, बाजंखाली शेगडी ठिवली, रोजच्यापरीस थोडे कोळसे जास्त. वर साणं हाय, या भरवशावर. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून दाराला वाकळ लावायची आपल्याकडं रीतच हाय, ती लावली. आन बाहेर लेकराची लंगोटं वाळत घालाय गेली. परत येऊन हाक मारली तर अश्विनी ओ देईना. लेकराची मान लुळी. कोळशाचा वायू दिसत न्हाय, त्याला वास न्हाय. माणसाला निस्ती झोप आल्यावाणी होतं.

सत्तरीच्या त्या बाईनं पयलं लेकरू बाहेर आणून अश्विनीच्या आईकडं दिलं, मग अख्खी बाज पोरीसकट एकटीनं वढत अंगणात आणली. वाऱ्यानं दोघी हळूहळू शुद्धीवर आल्या. जीप करून दवाखान्यात नेलं. दोन दिवसांनी दोघी धडधाकट घरी आल्या. एवढं देवानं चांगलं केलं.

दवाखान्यात इचारलं, बंद खोलीत इस्तू कुणी ठिवला? समद्यांनी एकाच बाईकडं बगितलं.

घरी आल्यावर राजाभाऊंच्या अंगणात दहा-पंधरा माणूस गोळा झालं. मलाबी बोलवलं. कोंडाबाई खालच्या मानंनं उभी होती. राजाभाऊ एवढंच म्हणले, कोंडाई, असं कसं केलं तुमी. ती म्हणली, “बंद कुठं होती खोली? वर साणं हाय. रशीदला इचारा.”

दोघंजण आत जाऊन बगून आले. म्हणले, वर तर काय न्हाय, समदं गच्च हाय. आन समद्यांनी माझ्याकडं बगितलं.

म्या तिथं दोन शब्द बोलायचे होते. म्या बुजवलं. झालं. पर म्या भ्यालो. मला वाटलं, आता खरं बोललो तर हे लोक मला इथंच तुडवतील, आन परत कोण कामाला बोलवंल. आन मग माझ्या तोंडातनं जे नेहमी येतं तेच आलं. म्या म्हणलो, “कोंडाई, आज तुमाला भितीत साणं दिसतंय, उद्या दिवसाढवळ्या चांदण्या दिसतील. डोळं दाखवून घ्या.”

माणसं हसली. दोन दिवस गाव भेदरलेलं, त्यांना हसायला कायतरी पायजेच होतं. म्या व्हय म्हणलो न्हाय आन न्हाय म्हणलो न्हाय. निस्ती चेष्टा केली. कोंडाबाईनं माझ्याकडं एकदा बगितलं, पदर सारखा केला आन घरला गेली.

त्यानंतर तिला कुणी बोलवलं न्हाय. तोंडावर कुणी वाईट बोललं न्हाय, निस्तं बोलवणं बंद झालं. डोळ्यानं दिसत न्हाय म्हणे, बाळंतीण मारली असती म्हणे. लोहाऱ्याहून दुसरी बाई यायला लागली. कोंडाबाई दारात बसून करडई निवडायची. गल्लीतनं कुणाचं तान्हं रडलं की हात थांबायचे, एवढंच. म्या तो रस्ता बदलला. कामाला जायला मला लांबून वळसा पडायचा. कुणी इचारलं तर म्हणायचो, पोट कमी करायलोय.

अशीच पाच-सहा वर्सं गेली. मग माझ्या सुनंचे दिवस भरले. आमच्या घरची म्हणली, कोंडाबाईला सांगा. सुनंच्या म्हायेरच्यांनी हातच जोडले. म्हणले, समदं करा पर ती बाई नको, तिनं राजाभाऊंच्या पोरीला काय केलं अख्ख्या तालुक्याला म्हाईत हाय. माझ्याच घरात, माझ्याच म्होरं. आन म्या परत गप. ताटावर बसलो होतो. तसाच उठलो आन कोंडाबाईच्या दारात गेलो.

ती सुपात करडई घेऊन बसलेली. म्या उभ्याउभ्याच म्हणलो, “कोंडाई, ते साणं म्या बुजवलं होतं.”

तिनं सूप खाली ठिवलं न्हाय. म्हणली, “म्हाईत हाय.”

“कवापासून?”

“त्याच दिशी. समदी माणसं गेल्यावर परत येऊन बाजंवर चढून बोट लावलं. बाकीचं सिमिट वाळून पांढरं झालेलं, तेवढंच मागनं जाड भरलेलं, अजून काळं आन वलसर.”

“मग बोलला का न्हाय तुमी?”

“बोलले की,” ती म्हणली. “तू हसवलंस.”

म्या खाली बसलो. बराच येळ ती खडे काढत ऱ्हायली. मग म्हणली, “मला एकटीला सांगून काय करू? माझं मला ठाव हाय. चारचौघात सांग.”

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हाटेलात गेलो. माणसं होतीच. म्या म्हणलो, आज माझी एक फजिती सांगतो. बास, तिथंच चुकलो. म्या तोंड उघडलं की लोक आदीच दात काढून बसतात. म्या सांगितलं, राजाभाऊंच्या खोलीचं साणं म्या बुजवलं आन नाव कोंडाबाईचं झालं. हाटेलवाल्यानं टेबलावर थाप मारली. एकजण म्हणला, मामू, आता भूकंपबी तूच केला म्हण. हसून हसून एकाला ठसका लागला. म्या म्हणलो, आरं खरंच, आईच्यान. ते आणखी हसले. चहा फुकट मिळाला. त्यो म्या प्यालो. हे सुदा सांगून टाकतो.

मग राजाभाऊंकडं गेलो. ते हसले न्हाय. समदं ऐकून घेतलं. अश्विनीची आई दारात उभी होती, ती आत निघून गेली. तिला ते कोपऱ्यातलं वारं आठवलं असणार. राजाभाऊ म्हणले, पोरगी चांगली हाय, नात शाळंत जाती. जाऊ द्या मामू, आता कशाला उकरायचं. त्यांचं खरं होतं. त्यांच्या घरात सगळं नीट होतं. त्यांना उकरून काय मिळणार?

कोंडाबाईला जाऊन सांगितलं, सांगितलं म्हणून. ती म्हणली, मग? म्या म्हणलो, हसले. ती म्हणली, “न हसवता सांग.”

एवढंच काम मला आजवर जमलं न्हाय. कुटुंबात, बाजारात, मयतीला सुदा, माझं तोंड बगूनच लोकांना हसू फुटतं. आदी त्याचा मला गर्व वाटायचा. म्या मनात असंबी म्हणत होतो की सोताच्या फजित्या सांगणारा माणूस लबाड नसतो. आता कळतंय की बारक्या-बारक्या फजित्या जाहीर करत गेलं की मोठी लपवायला सोपं पडतं. कुणी धुंडतच न्हाय.

सून आन नातू चांगले हायत. पर न्हाऊ घालायला दुसरीच बाई आली. म्या तिथंबी कुणाला समजावू शकलो न्हाय.

मास्तर अंकाचं इचाराय आले, तवा म्या पयलं कोंडाबाईकडं गेलो. म्हणलो, छापून येणार हाय, मास्तर शाळंत वाचून दाखवणार हायत, म्या तिथं नसणार. तुमचं नाव घालू का? तिनं प्यायला तांब्या उचलला. आता तिचे हात कापतात. पाण्याचा तांब्या दोन हातांनी धरती. कुणी उद्या बोलवलं तरी तान्हं लेकरू तिला पेलणार न्हाय. मला उशीर झाला. थोडाथोडका न्हाय, लई उशीर झाला.

“घाल,” ती म्हणली. “पुरं नाव घाल.”

तर मास्तर, हे सावकाश उतरा. कोंडाबाई नामदेव वाघमोडे. त्या दिवशी हिची शेगडी बरूबर होती. कोळसे बरूबर होते. हिचे डोळे चांगले होते. तिनं सांगून ठिवलेलं साणं म्या, रशीदनं, बुजवलं, आन इचारलं तवा बोललो न्हाय. त्या मायलेकींना हिनं वाचवलं. ह्यात हसण्यासारखं काय न्हाय.